टाईल लावून ओल जात नाही: भिंतीतला खार आधी बाहेर काढा, मग मिस्त्रीला बोलवा

पावसाळा सरत आला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. बेडरूमची भिंत, पलीकडे बाथरूम, जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आणि त्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी फुललेलं. ऐरोलीतून येऊदे नाहीतर कळव्यातून, फोटो तोच आणि खाली प्रश्नही तोच, "दादा, इथे चार फूट टाईल लावून टाकली तर चालेल ना? मिस्त्री म्हणतोय कायमचं टेन्शन जाईल."

नाही चालणार. का नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण गेली सतरा वर्षं मी ठाणे-नवी मुंबईत रिपेअरिंगचीच कामं बघतोय आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे ह्याच एका सल्ल्यापायी वाया गेलेले बघितलेत.

माझ्या मावशीचं कोपरखैरण्यात तळमजल्यावर घर आहे. हॉलच्या भिंतीला लोणा लागला म्हणून तिने एका ठेकेदाराला बोलावलं, त्याने जुना गिलावा न काढता त्यावरच साडेतीन फुटांपर्यंत क्रीम कलरच्या टाईल्स मारून दिल्या, दिवाळीला घर एकदम चकाचक. पुढच्या पावसाळ्यात टाईलच्या शेवटच्या ओळीच्या बरोबर वर रंग फुगला. त्याच्यापुढच्या एप्रिलमध्ये टाईलवरच्या चकाकीच्या टिकल्या गळायला लागल्या, नखाएवढ्या, झाडू मारताना सुपलीत यायच्या. मावशी मला म्हणाली, "अरे, आधी ओल गुडघ्यापर्यंत होती, टाईल लावली तर खांद्याला आली, हे असं कसं झालं?"

असं झालं की भिंतीत खालून चढणारं पाणी आधी गुडघ्यापर्यंतच हवेत उडून जात होतं. टाईलने ती वाट बंद केली. पाणी काही थांबलं नाही, ते वर चढलं आणि जिथे मोकळा गिलावा मिळाला तिथून बाहेर पडलं. आणि पाणी जिथून उडतं तिथे त्यात विरघळलेला क्षार मागे राहतो. भिंतीवर खार कुठे दिसतोय ते बघितलं की पाणी कुठून बाहेर पडतंय ते कळतं, कुठून आत येतंय ते मात्र वेगळं शोधावं लागतं, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आता टाईलचं बघा. आपण "सिरॅमिक वॉल टाईल" म्हणून जी घेतो तिला समोरून काचेसारखा ग्लेझ असतो आणि मागे असतं ते मातीचं बिस्कीट. हे बिस्कीट आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं. व्हिट्रिफाईड टाईल मात्र अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. आपल्याकडच्या आयएस १५६२२ ह्या स्टँडर्डमध्ये टाईल्सचे गट ह्या पाणी पिण्यावरूनच पाडलेत, त्यामुळे खोक्यावर काय छापलंय ते घेताना वाचा, दुकानदार नुसतं "एक नंबर माल आहे, मोरबीचा आहे" म्हणतो त्यावर जाऊ नका, गुजरातेतल्या मोरबीहून सगळ्याच प्रकारचा माल येतो. वॉल टाईल मागून पाणी पिते, समोर काच असल्यामुळे सोडू शकत नाही, मग क्षार ग्लेझच्या पाठीमागेच गोळा होतो आणि त्याचे स्फटिक वाढताना ग्लेझला आतून ढकलतात. त्याच त्या टिकल्या. क्षार वर पृष्ठभागावर आला तर ते फक्त दिसायला वाईट, पुसता येतं. आतच धरला तर टाईल, वीट, गिलावा सगळं पोखरतो. म्हणून कोणी म्हणालं की "पांढरं यायचं बंद झालं, सीलर मारल्यावर", तर मला आनंद होत नाही, मला काळजी वाटते.

बिस्किटाची अजून एक खोड आहे. भट्टीतून निघाल्यावर ते हवेतला ओलावा वर्षानुवर्षं शोषत अगदी किंचित फुगत जातं आणि हे फुगणं परत उतरत नाही. ग्लेझ तेवढा ताणला जात नाही, मग त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. किचनमधल्या जुन्या पांढऱ्या टाईल्सवर जाळं पडलेलं दिसतं ते बऱ्याचदा हेच असतं, आणि त्या चिरांतून मग चहाचं, तेलाचं पाणीही आत जायला लागतं.

आपल्या हवेचा भाग तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुलैमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. भिंतीतल्या मिठाचंही अगदी तसंच होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळतं, खाली आली की परत त्याचा खडा बनतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते आणि हिवाळ्यातल्या दुपारी बरीच खाली जाते. म्हणजे कुठलाही पाईप लीक नसला तरी खारवलेली भिंत पावसाळ्यात ओलीच दिसणार! मी अशी घरं बघितलीयत जिथे बाथरूमचं प्लंबिंग दोनदा फोडून नवीन केलं, वरच्या मजल्यावरच्या काकूंशी भांडण झालं, सोसायटीत तक्रारी गेल्या, आणि पाणी वरून येतच नव्हतं, भिंतीतलं जुनं मीठच हवेतून पाणी पीत होतं.

दुसरा क्षार सोडियम सल्फेट, तो जास्त घातक. साधारण ३२ अंशाच्या वर तो कोरडा, बिनपाण्याचा असतो, त्याच्या खाली ओलावा मिळाला की प्रत्येक रेणूला दहा रेणू पाणी धरून बसतो आणि आकारमान तिपटीहून जास्त वाढतं. आता पश्चिमेकडची भिंत डोळ्यांसमोर आणा, दुपारी हात लावला तर चटका बसतो आणि रात्री ३२ च्या खाली येते. रोज हेच चक्र चालू, छिद्रांच्या आत क्षार फुगतोय, आकसतोय. म्हणून लोकांना ओल दिसते पावसात पण टिकल्या आणि पोपडे गळतात ते ऑक्टोबर हीटमध्ये आणि मार्च-एप्रिलमध्ये. "आता तर पाऊसच नाही, मग आत्ताच कसं पडतंय," असं विचारतात त्यांना हेच सांगायचंय की भिंत फुटते ती सुकताना.

हा क्षार येतो कुठून? थोडा सिमेंटमध्येच असतो, त्यातला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड लागून पांढरा कडक थर बनतो, ग्राउटच्या, म्हणजे दोन टाईलमधली फट भरायच्या मसाल्याच्या, रेषेतून जे पांढरे ओघळ येतात ते बहुतेक हेच. विटांमध्ये सल्फेट असतं. जुन्या बांधकामांत खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर मीठ भिंतीत पहिल्या दिवसापासूनच आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या खाऱ्या पाण्याने माल कालवला, गिलाव्यावर पाणी मारलं, तर तेही आलंच. आणि जमीन. आपला निम्मा भाग खाडीकाठचा आहे, खारघर, खारेगाव ह्या नावांतच खार आहे, तळमजल्याच्या घरांना जमिनीतून तो मिळतोच. मालाच्या पाण्याला आयएस ४५६ मध्ये मर्यादा आहे, सळई असलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराईड, त्याच्यावर नको. लॅबमध्ये तपासून मिळतं, तेवढं नाही जमलं तर निदान पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं साधं टीडीएस मीटर घेऊन टँकरचं पाणी आणि नळाचं पाणी शेजारी शेजारी मोजा, फरक बघून स्वतःच ठरवाल की नळाच्या पाण्याचे दोन पिंप साठवून काम करायचं.

आता काम. आधी चार टेस्ट करा, खर्च जवळजवळ शून्य आहे.

पहिली, टाईल वाजवून बघा. नाण्याने किंवा बोटाच्या पेराने प्रत्येक टाईल मधोमध आणि चारी कोपऱ्यांत ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द किंवा पोकळ आला तर मागे सुटलीय. सुटलेल्या टाईलवर खडूने फुली मारा आणि पूर्ण भिंतीचा फोटो काढा, फुल्या कुठल्या रांगेत जमल्यात ते फोटोतच कळतं. खाली जमल्या तर जमिनीचं पाणी, नळाच्या किंवा गरम-गार पाण्याच्या मिक्सरच्या भोवती जमल्या तर पाईप, खिडकीखाली जमल्या तर पावसाचं.

दुसरी, प्लॅस्टिकची. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीच्या उघड्या भागावर चारी बाजूंनी टेप लावून हवाबंद चिकटवा, एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे आणि तुम्हाला एक्झॉस्ट फॅन लागणार आहे, वॉटरप्रूफिंग नाही.

तिसरी लिंबाची. पांढरी पावडर सुक्या ब्रशने एका बशीत घ्या, अर्धी साध्या पाण्यात टाका. विरघळली तर सल्फेट किंवा मीठ, म्हणजे त्रास देणारा क्षार. नाही विरघळली आणि उरलेल्या अर्ध्या पावडरवर लिंबू पिळल्यावर फसफसली तर चुन्याचा थर आहे, तो टाईलला आतून फोडत नाही पण पाणी तिथून वाहतंय हे नक्की.

चौथी म्हणजे बाथरूममध्ये पाणी साठवून बघायचं. नाहाणी ट्रॅपला कापडाचा बोळा घट्ट लावा, दोन इंच पाणी भरा, पेन्सिलने खूण करा म्हणजे पाणी उतरलं तर कळेल, ४८ तास बाथरूम वापरू नका. हे घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहाटे कोणीतरी बोळा काढतंच आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पाणी कुठून येतंय ते सापडलं की ते आधी बंद करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. मग सुटलेल्या टाईल्स आणि खारवलेला गिलावा विटेपर्यंत काढायचा, पांढरं दिसतंय त्याच्याही वर दोन फूट जास्त. काढलेला माल त्याच दिवशी गोणीत भरून खाली न्या, भिंतीच्या कडेला ढीग ठेवला तर पावसात त्याचा खार परत जमिनीत जातो.

आणि मग थांबायचं. हे कोणालाच आवडत नाही. विटेची भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना धरतात, दोन्ही बाजू उघड्या असतील तर लवकर. नऊ इंची भिंत ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंनी उघडली तरी मार्चआधी टाईल लावायची घाई करू नका. गणपतीच्या आधी आठ दिवसांत करून द्या म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो, कारण तेव्हा भिंत सुकूच शकत नाही, ठाण्यात पाऊसच अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो.

भिंत सुकत असताना पांढरं येतच राहणार. ते येऊ द्या, दर चार दिवसांनी सुक्या नायलॉनच्या ब्रशने झाडा आणि सुपलीत भरून घराबाहेर टाका. ओल्या फडक्याने पुसू नका, पाणी लागलं की क्षार विरघळून परत आत शिरतो आणि तुमचे चार दिवस फुकट.

क्षार जास्त असेल तर मुलतानी मातीचा लेप द्या. ऐकायला घरगुती वाटतं पण जुन्या दगडी वास्तू आणि संग्रहालयातल्या मातीच्या वस्तू दुरुस्त करणारे लोकही मातीचा आणि कागदाच्या लगद्याचा असाच लेप वापरतात. मुलतानी माती आणि भिजवून कुस्करलेला पांढरा टिश्यू पेपर, दोन्ही बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात किंवा आरओच्या पाण्यात श्रीखंडासारखं घट्ट कालवा. भिंतीवर तेच पाणी हलकं फवारा, म्हणजे आतला क्षार विरघळेल, मग अर्धा इंच जाड लेप थापा. आठ-दहा दिवसांत सुकून, तडकून आपोआप सुटायला लागतो, तो खरवडून फेकून द्या, परत वापरू नका. क्षार निघाला की नाही ते कसं बघायचं? सुक्या लेपातला एक चमचा ग्लासभर आरओच्या पाण्यात ढवळा, माती खाली बसू द्या, टीडीएस मोजा, आणि तसंच कोऱ्या मातीचंही मोजा. पहिल्या लेपाला आकडा खूप मोठा येतो, दुसऱ्या-तिसऱ्याला उतरत जातो, कोऱ्या मातीच्या जवळ आला की बस. मावशीकडे तीन लेप लागले. चकाकी असलेल्या टाईलवरून हा लेप काही ओढू शकत नाही हे लक्षात ठेवा, उघडी वीट, गिलावा किंवा बिनग्लेझच्या मातीच्या क्लॅडिंग टाईल, म्हणजे भिंतीला बाहेरून लावतात त्या, असतील तरच.

अ‍ॅसिडबद्दल हात जोडून सांगतो. बाथरूम धुवायला जे पिवळं अ‍ॅसिड मिळतं ते टाईलच्या खारावर ओतू नका. ते ग्राउट खातं, सिमेंटच्या चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराईड बनवतं, आणि हा क्षार साध्या मिठापेक्षाही जास्त पाणी ओढतो, म्हणजे भिंत कायम ओली. वर तेच क्लोराईड झिरपत सळईपर्यंत गेलं की सळई गंजते. आणि अ‍ॅसिड मारल्यावर "जरा ब्लीचही मारते" असं चुकूनही करू नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. चुन्याचा थर फारच असेल तर सल्फॅमिक ॲसिडवाला सौम्य क्लीनर घ्या, आधी ग्राउट पाण्याने भिजवून घ्या, मगच लावा, आणि भरपूर पाण्याने धुवा, तेही भिंतीची ओल बंद झाल्यावर.

टाईल परत लावताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. आपल्याकडची जुनी सवय म्हणजे टाईलच्या पाठीवर मालाचे पाच गोळे ठेवून ठोकायची. मधल्या पोकळीत पाणी साठतं, क्षार साठतो, आणि आवाज पहिल्या दिवसापासून पोकळ. पूर्ण पाठ भरली पाहिजे, दाते असलेल्या थापीने भिंतीवर अ‍ॅधेसिव्ह ओढायचं आणि मोठी टाईल असेल तर पाठीलाही लावायचं. मधूनच एक टाईल लगेच उचकटून बघा, पाठ भरलीय का. अ‍ॅधेसिव्ह आयएस १५४७७ चं घ्या, त्यात टाइप १ ते ५ असतात, घरातल्या साध्या टाईलला खालचा टाइप चालतो, बाहेरच्या भिंतीला टाइप ३ किंवा त्याच्या पुढचा. माल-सिमेंटवर लावायची असेल तर टाईल भिजवतात, अ‍ॅधेसिव्हवर लावताना भिजवायची नाही, फक्त पाठीवरची पांढरी धूळ ओल्या स्पंजने पुसायची. टाईलला टाईल चिकटवून लावू देऊ नका, निदान २ मिलिमीटरचे स्पेसर हवेतच. बाथरूमच्या आत इपॉक्सी ग्राउट छान. पण ज्या भिंतीला अजून मागून थोडी ओल असायची शक्यता आहे तिथे सिमेंटचं ग्राउटच बरं, निदान श्वास घ्यायला फट राहते. तळमजल्याच्या हॉल-बेडरूमच्या भिंतीला तर मी टाईल लावतच नाही, चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. जिप्सम प्लास्टर अशा भिंतीवर अजिबात नको, ते स्वतःच सल्फेट आहे आणि ओलीत मऊ पडतं.

बिल्डिंगच्या बाहेरच्या क्लॅडिंगचं तत्त्व हेच, फक्त इथे टाईल सुटली तर ती कोणाच्यातरी डोक्यावर पडते. म्हणून पोकळ आवाज आला की दुरुस्तीचं कोटेशन नंतर, आधी त्याच दिवशी खाली दोरी बांधा, लोकांची ये-जा आणि पोरांचं क्रिकेट बंद करा. पाणी बहुतेक वरून शिरतं, गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावरून आणि खिडकीच्या खालच्या पट्टीवरून. कठड्याच्या माथ्याला उतार गच्चीच्या बाजूला हवा, खिडकीच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला, आणि पट्टीच्या खाली एक खाच हवी म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता तिथूनच थेंब होऊन पडेल. क्लॅडिंगची वरची कड सील करा, खालची मात्र करू नका, चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. मी बघितलंय, घाबरून चारी बाजूंनी सिलिकॉन भरतात आणि पाणी आतच कोंडून ठेवतात. प्रत्येक स्लॅबच्या पातळीला आडवा जॉइंट मोकळा सोडून त्यात लवचिक सीलंट हवं, नाहीतर उन्हाने टाईल फुगल्या की एकमेकींना रेटतात आणि आधीच क्षाराने सैल झालेली पहिली बाहेर येते. ड्राय क्लॅडिंग, म्हणजे मालाशिवाय क्लॅम्पवर बसवलेला दगड, असेल तर क्लॅम्प साध्या लोखंडाचे नकोत, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फोडतो, खाडीजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच मागा आणि बिलावर लिहून घ्या. झुल्यावरून उतरून वाजवून बघणारा माणूस दर पावसाळ्यानंतर एकदा बोलवा. बिल्डिंगला ३० वर्षं झाली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करावंच लागतं, त्यात क्लॅडिंग धरलंय का ते कमिटीने विचारून घ्यावं.

वॉटर रिपेलंट मारायचंच असेल तर सिलेन-सिलोक्सेनचं, वाफ बाहेर जाऊ देणारं, आणि ते फक्त कोरड्या, खार काढलेल्या भिंतीवर, जानेवारी ते एप्रिलमध्ये. चकचकीत फिल्मवालं काही नको.

आणि टाईल विकत घेताना एक खोकं जास्तीचं घ्या, त्यावरचा बॅच नंबर मार्करने कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पाच वर्षांनी दोन टाईल बदलायची वेळ आली की तीच शेड दुकानात मिळत नाही, मग दोन टाईलसाठी अख्खी भिंत फोडायला निघालेली माणसं मी बघितलीयत.